हुद्द्याच्या नावावर जाऊ नकोस

अरे, ऑफर लेटरवर ‘एचआर मॅनेजर’, म्हणजे मनुष्यबळ विभागाचा मॅनेजर, असं लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. चाळीस माणसांच्या कंपनीत मॅनेजर म्हणजे हजेरीपासून चहाच्या बिलापर्यंत सगळं तूच. मोठ्या कंपनीतला एक्झिक्युटिव्ह कधी वर्षभर नुसती भरतीच करतो. ‘टॅलेंट अक्विझिशन’ म्हणजे भरतीच, ‘जनरलिस्ट’ म्हणजे पडेल ते काम. ‘बिझनेस पार्टनर’ म्हणजे विभागप्रमुखांना माणसांबाबत सल्ला देणारा अनुभवी माणूस; फ्रेशरलाच ते करत असतील तर मात्र जरा शंका घे. मुलाखतीत सरळ विचार: पगार कोण काढतं, कंत्राटी कामगार किती?

मी चाकणला टाइम ऑफिसमधून, म्हणजे कारखान्याच्या हजेरी विभागातून, सुरुवात केली. सात तारखेला एक ऑपरेटर स्लिप घेऊन खिडकीशी आला, "साहेब, दोन ओव्हरटाइम कुठे गेले?" रात्रपाळीचं पंचिंग दुसऱ्या तारखेत पडलं होतं. ते शोधताना जे शिकलो, ते एमबीएच्या दोन वर्षांत नव्हतं. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर पीएफचे १२ टक्के कसे कापतात, ते एखाद्या स्लिपवर स्वतः मांडून बघ. एक्सेलमध्ये व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणायचं सूत्र, यायलाच हवं. भरतीच्या कन्सल्टन्सीत सुरुवात झाली तरी चालेल, पण दीड वर्षाच्या वर तिथे रेंगाळू नकोस.