वल्ली म्हणजे वेल नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की रिटायर होणाऱ्या सरांच्या कार्डावर 'एक वल्ली' लिहिलं तर त्यांना राग येईल का, आणि या वल्लीचा वेलीशी संबंध काय. राग नाही येणार, वल्ली म्हणताना आपण थोडं हसत असतो पण त्यात कौतुकच जास्त असतं. मीटिंगमध्ये मध्येच शीळ घालणारा तो वल्ली, नमस्कार केला तरी तोंड फिरवणारा तो विक्षिप्त. झालं.

आता वेल. संबंध शून्य! 'वेलीसारखा वाकडातिकडा वाढलेला माणूस म्हणजे वल्ली' हे कुणीतरी फॉरवर्ड करतंच आणि खाली सगळे वा वा करतात, डोकं फिरतं. वेलीची वल्ली संस्कृत, तैत्तिरीय उपनिषदात शीक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली, भृगुवल्ली ही प्रकरणं आहेत ना, ती. माणसाची वल्ली आलीय अरबी 'वली'वरून, वली म्हणजे देवाच्या जवळचा माणूस, संत. आणि खरी मजा पुढेच आहे, या वलीचं अरबी अनेकवचन 'औलिया', म्हणजेच आपला अवलिया! एकाच शब्दाचं एकवचन पण घेतलं, अनेकवचन पण घेतलं आणि दोन्ही बिनदिक्कत एकाच माणसाला चिकटवतो आपण. (उमराव तसाच, तो अमीरच्या अनेकवचनातून आला, आणि नवाब नायबच्या.) देवाशी सूत जुळलेल्याला कपड्यांचं, वेळेचं, लोक काय म्हणतील याचं भान नसतं, तिथून अर्थ घरंगळत तऱ्हेवाइकापर्यंत आला.

यावर पंडित मंडळी लगेच विचारतात, मग एका ल चे दोन कसे झाले? अहो, अरबी 'हाली'चं हल्ली झालं, 'सलाह'चा सल्ला झाला, तेव्हा नाही कुणी हरकत घेतली! माझी स्वतःची थिअरी अशी की वक्फ (मुस्लिम धर्मादाय मालमत्ता) सांभाळणारा तो 'मुतवल्ली', त्यात ल्ल मुळातच आहे, तो कानावर असल्यामुळे वलीला वल्ली होणं आणखी सोपं गेलं असणार. पटत नसेल तर सोडा, पण मग वेल तरी मध्ये आणू नका.

खानदान पण बघा याचं. 'गरिबाला कुणी वाली नाही' मधला वाली वलीच्याच अरबी धातूचा, मौलवी याच धातूचा, आणि विलायत पण! म्हणजे विलायती सामान आणि गावातला अवलिया एकमेकांचे भाऊबंद निघाले, हे कळल्यावर मला तर दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

बाकी हल्ली 'अवलिया'ची जी माती चाललीय ती बघवत नाही, जन्मभर वेळेवर आलेला, मान खाली घालून फायली निपटलेला, एकदाही कुणाला न चक्रावलेला माणूस गेला की श्रद्धांजलीत तोही अवलिया. त्या बिचाऱ्याने काय विचित्र केलं होतं हे तरी लिहा की खाली!