मुलीला अमेरिकेत मिनेसोटातल्या मॉरिसच्या सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळालाय. एवढ्याशा गावात शिक्षण कसं असेल?

मी तिथेच शिकले. मिनेसोटा विद्यापीठाचा मॉरिस कॅम्पस, विषय जीवशास्त्र. त्याआधी बारावीपर्यंत साताऱ्यात होते.

गाव लहान आहे, यात शंकाच नाही. वस्ती पाच हजारांच्या आसपास, मिनिॲपोलिस साधारण अडीचशे किलोमीटर लांब, चहूकडे मका-सोयाबीन आणि दुधाचे मोठमोठे गोठे. पण तिथे जे चांगलं आहे ते बरंचसं गाव आणि कॉलेज लहान असल्यामुळेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

मॉरिसला फक्त पदवीचे विद्यार्थी असतात. मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घ्यायला आणि वह्या तपासायला बहुतेक वेळा पीएचडी करणारी मुलं येतात. इथे तुमचा निबंध प्राध्यापक स्वतः वाचतात, समासात प्रश्न लिहितात आणि केबिनमध्ये बोलावून त्याचं उत्तर मागतात. त्यांच्या संशोधनात हाताशी लागणारी माणसंही पदवीच्याच मुलांतून निवडली जातात. मागच्या बाकावर लपायची सोय मात्र नाही. वर्ग बुडवला तर ते मास्तर संध्याकाळी किराणा दुकानात भेटतात!

लिबरल आर्ट्स म्हणजे मुख्य विषय कुठलाही असो, बाकीच्या शाखांतलेही विषय घ्यावेच लागतात. मी इतिहास घेतला आणि आपण कुठे राहतोय ते मला नीट कळलं. या जागी 1887 मध्ये कॅथलिक नन्सनी आदिवासी, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन, मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. पुढे ती केंद्र सरकारने चालवली. अशा शाळांचा हेतूच मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडण्याचा होता. 1909 मध्ये ती जागा राज्याकडे आली ती एका अटीवर: नेटिव्ह विद्यार्थ्यांना इथे बिनफी शिक्षण मिळालं पाहिजे. आधी शेतकी शाळा, मग 1960 पासून विद्यापीठ. अट अजून पाळली जाते. ती सवलत नव्हे, देणं आहे. त्या शाळेच्या वसतिगृहाची एक इमारत आजही वापरात आहे, आणि त्याच आवारात अनिशिनाबे आणि डाकोटा या नेटिव्ह भाषांचे वर्ग भरतात. मला या कॉलेजबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

गावाशी संबंध म्हणाल, तर आपल्याकडच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरापेक्षा हे वेगळं. गावातलं काम अभ्यासक्रमाला जोडलेलं असतं आणि सत्रभर चालतं. गोठ्यांवर काम करणारे बरेच जण स्पॅनिश बोलणारे आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजीचे वर्ग चालतात, तिथे मी शिकवायला जायचे. त्यांना व्याकरण नको होतं. मुलाचं दुखणं डॉक्टरला सांगता यावं, घरभाड्याचा कागद वाचता यावा, एवढं हवं होतं. मग आम्ही धड्यांचा क्रमच बदलला. कुणाला गरज काय आहे ते आधी विचारायचं, हे मी तिथे शिकले. आज मी आरोग्य खात्यात काम करते, तिथे हेच रोज उपयोगी पडतं.

आणखी एक: कॉलेजला वीज देणाऱ्या 1.65 मेगावॉटच्या दोन पवनचक्क्या आहेत, एक 2005 ची, दुसरी 2011 ची. ऊर्जेच्या कामात गाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), शाळा आणि कॉलेज एकत्र असतात, आणि त्यात विद्यार्थ्यांनाही काम मिळतं.

अडचणी आहेत. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत जातो आणि माळरानावर वारा अडवायला काही नाही. गाडी नसेल तर गावाबाहेर पडणं कठीण. भारतीय वाणसामान लांबून आणावं लागतं.

पैसे भरण्याआधी एक चौकशी जरूर करा: तिच्या विषयाचे प्राध्यापक किती आहेत? लहान विभागात मोजकेच असतात. एखादे रजेवर गेले की त्यांचा कोर्स त्या वर्षी होईलच असं नाही. चार वर्षांत कोणते कोर्स कधी असतात, ते विभागाला मेल करून विचारा. मेल मुलीलाच लिहू द्या.