'ख्रिस्ती होणे' आणि 'धर्मांतर करणे' एकच का?

प्रश्न असा आला आहे : "मी ख्रिस्ती घरात जन्मलो आणि बाविसाव्या वर्षी ख्रिस्ती झालो, असे वाक्य ऐकले. जन्माने ख्रिस्ती असलेला माणूस पुन्हा ख्रिस्ती कसा होईल? हा भाषेचा घोटाळा आहे का? 'बाप्तिस्मा घेणे', 'ख्रिस्ताला स्वीकारणे', 'धर्मांतर करणे' यांचा अर्थ एकच ना?"

वाक्यात घोटाळा नाही. माझ्या मते ते अगदी नेमके आहे. अडखळायला होते, कारण आपण 'ख्रिस्ती होणे' ऐकताच मनात 'धर्मांतर' हा शब्द ठेवून मोकळे होतो. रूपांतर म्हणजे दुसरे रूप, देशांतर म्हणजे दुसरा देश, तसे धर्मांतर म्हणजे दुसरा धर्म. त्यासाठी आधी एक धर्म सोडावा लागतो. ख्रिस्ती घरात जन्मलेल्याकडे तसा सोडायला काही नसतो, म्हणून त्याचे धर्मांतर होऊ शकत नाही. पण तो ख्रिस्ती होऊ शकतो. 'ख्रिस्ती माणसे जन्मत नाहीत, घडतात' अशा आशयाचे प्राचीन ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याचे लॅटिन वाक्य दुसऱ्या शतकाच्या अखेरचे आहे, म्हणजे ही समजूत अलीकडची नव्हे.

ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. हिब्रू 'मशीहा'चे ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस'. त्यापासून झालेला 'ख्रिस्तियानोस' हा शब्द बायबलच्या नव्या करारात फक्त 3 वेळा येतो. शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया या प्राचीन शहरात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात म्हटले आहे. ते बहुधा बाहेरच्यांनी दिलेले असावे. आतली माणसे एकमेकांना शिष्य, बंधू म्हणत, आणि आपल्या वाटचालीला नुसते 'मार्ग'. हेरोदाच्या पक्षाचे लोक जसे 'हेरोदी', तसे ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती. शेवटच्या 'ई'मध्ये हा 'चा' दडला आहे, आणि तो आधी एका व्यक्तीशी नाते सांगतो. धर्म, समाज, जनगणनेतला रकाना हे सगळे मागाहून आले. त्यामुळे 'ख्रिस्ती होणे' वाचताना 'ख्रिस्ताचा होणे' असे मनात म्हणून पाहावे. बाविसाव्या वर्षाचे ते वाक्य लगेच उलगडते.

हे होणे घडते कसे? येशूच्या उपदेशाचा आरंभ मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा' असा आहे. इथे मात्र आपला शब्द थोडा तोकडा पडतो आणि त्याची मला खंत वाटते. पश्चात् + ताप : घडून गेल्यावर होणारी जळजळ. त्याची नजर मागे असते. मूळ ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणे, आणि त्यामागे उभे असलेले हिब्रू क्रियापद 'शूव' म्हणजे वळणे, परत येणे. केल्याचे दुःख त्यात आहेच, पण नुसते रडून ते पुरे होत नाही. पाठ फिरवलेली होती त्या दिशेला तोंड करायचे आहे. आपल्याकडे 'मन वळणे' हा प्रयोग आहे. तो मला जास्त जवळचा वाटतो.

आता बाप्तिस्मा. मूळ अर्थ बुडवणे. कॅथलिक मराठीत त्याला 'स्नानसंस्कार' असा सुरेख शब्द आहे. क्रियापदे पाहा : बाप्तिस्मा देतात आणि घेतात. तो स्वतःचा स्वतःला देता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. म्हणजे ख्रिस्ती होण्यात एका मंडळीत, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायात, सामील होणेही आले. इथे पंथांची मते वेगळी आहेत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत तान्ह्या बाळालाही स्नानसंस्कार देतात आणि त्यानेच ते ख्रिस्ती होते. त्या परंपरेतला माणूस म्हणेल, 'बाविसाव्या वर्षी माझी श्रद्धा जागी झाली.' बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आधी स्वतःच्या तोंडून विश्वासाची कबुली, मग बाप्तिस्मा. प्रश्नातले वाक्य बहुधा अशाच वातावरणातले आहे. क्वेकर पंथाचे लोक तर पाण्याचा संस्कारच करत नाहीत.

मन वळणे आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी घडतील असेही नाही. प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिन याचे मन 386 साली वळले, बाप्तिस्मा 387च्या ईस्टरला झाला. पंडिता रमाबाईंचा क्रम उलटा. त्यांनी 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की, त्यानंतर सुमारे 8 वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. प्रश्नकर्त्याच्या शंकेला याहून स्वच्छ उत्तर मी देऊ शकणार नाही.

'ख्रिस्ताला स्वीकारणे' यात कर्ता माणूस असतो. निर्णयावर भर द्यायचा तेव्हा हा प्रयोग येतो. पण तेच लोक 'माझे तारण (पापातून सुटका) झाले' म्हणतात, 'मी माझे तारण केले' असे कधीच म्हणत नाहीत. तारण ही देवाची देणगी, कमाई नव्हे, ही प्रेषित पौलाची शिकवण त्या 'झाले'मध्ये व्याकरणासकट उतरली आहे. 'होणे' या साध्या क्रियापदात दोन्ही बाजू मावतात, म्हणून मला ते सर्वांत आवडते. 'बाटणे' मात्र लेखनात नको. त्या शब्दात बोलणाऱ्याचा तिटकारा तेवढा कळतो, त्या माणसाच्या आत काय घडले ते कळत नाही.

चरित्र किंवा टिपण लिहिताना तारीख द्यायची असेल तर 'बाप्तिस्मा घेतला' लिहावे, कारण तारीख त्या विधीलाच असते. तान्ह्या बाळाबाबत 'घेतला'ऐवजी 'बाप्तिस्मा झाला' किंवा 'दिला' म्हणावे. 'धर्मांतर केले' हे कायदा किंवा समाज यांच्या संदर्भात ठीक आहे. आणि कोणी स्वतःविषयी 'मी अमुक वर्षी ख्रिस्ती झालो' असे लिहिले असेल, तर संपादकाने त्याचे 'ख्रिस्ती धर्म स्वीकारला' असे करू नये.