बसून झोपणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. रात्री नऊला झोपतो, पण तासाभरात अंथरूणभर फिरायला लागतो. मध्यरात्री बघावं तर मांडी घालून बसलेला, कपाळ पुढे गादीला टेकलेलं आणि तसाच झोपलेला! सरळ निजवलं की पुन्हा तेच. घोरतोही जोरात. सासूबाई म्हणतात, घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय. सकाळी मात्र उठवता उठत नाही, शाळेत चिडतो, मुलांना ढकलतो. बाई म्हणतात, ‘अशा मुलांचं असंच असतं.’ त्याला झोपेचं औषध द्यावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, झोपेचं औषध स्वतःहून मुळीच देऊ नका. गुंगीच्या औषधाने घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात, आणि त्याची अडचण बहुधा घशातच आहे.

मांडी घालून वाकणं ही त्याची खोड नव्हे. पाठीवर निजलं की जीभ मागे पडते, श्वासाची वाट चिंचोळी होते. पुढे झुकलं की मोकळी होते. त्याच्या शरीराने स्वतःच शोधलेला उपाय आहे तो, तेव्हा ओढून सरळ करू नका. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, स्नायू मुळातच सैल. त्यात टॉन्सिल-ॲडिनॉइड, म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठी, वाढले की श्वास रात्रभर अडकत-सुटत राहतो आणि दर वेळी मेंदू क्षणभर जागा होतो. मूल दहा तास अंथरुणात असतं, पण झोप तुकड्यातुकड्यांची. अशा झोपेनंतर मोठी माणसं पेंगतात, मुलं पुष्कळदा चिडतात. ‘अशा मुलांचं असंच असतं’ हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. उपाय होण्यासारखा त्रास त्या वाक्यापायी वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आज रात्री मंद दिव्यात, सदरा वर करून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. घोरणं मध्येच थांबतं का? छाती हलतेय पण आवाज नाही, मग एकदम आचका देऊन श्वास, असं होतं का? गळ्याखालची खळी आत ओढली जाते का? हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. व्हिडिओत काही दिसलं नाही तरी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास नोंदणारी तपासणी, करून घ्याच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची ही तपासणी ४ वर्षांपर्यंत व्हावी, मूल घोरत नसलं तरी. कारण घरच्यांच्या अंदाजावर इथे भरवसा ठेवता येत नाही.

तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला वायरी चिकटवतात, नाकाशी बारीक नळी असते. माझ्याकडच्या एका आईने आधी आठवडाभर बाहुलीच्या डोक्याला चिकटपट्टीने दोरे लावून लेकीशी खेळ केला. त्या रात्री मुलीने स्वतःहून डोकं पुढे केलं!

टॉन्सिल-ॲडिनॉइड काढायचं ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाउन सिंड्रोमचं आवर्जून सांगा. मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असू शकतात. शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळ मुलांत थोडा अडथळा उरतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. काहींना रात्री हवेच्या दाबाचा मास्क लागतो. थायरॉइड दरवर्षी तपासता ना? राहिलं असेल तर आताच करा, सोबत फेरिटिनही, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी. लोह कमी असेल तरी मुलं रात्रभर पाय झाडतात.

रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, आणि त्याची एक प्रत शाळेतल्या बाईंनाही द्या.