ब्रिटनच्या पोलिसात थेट साहेब होता येत नाही

आयपीएससारखी परीक्षा देऊन ब्रिटनमध्ये थेट पोलीस अधिकारी होता येतं का, असं तुम्ही पुतण्यासाठी विचारलंय. नाही. तिथे कॉन्स्टेबल म्हणूनच भरती व्हावं लागतं. 2014 मध्ये थेट सुपरिटेंडेंट घ्यायची योजना निघाली होती, पण ती काही वर्षांतच गुंडाळली. गंमत म्हणजे आपल्याकडची पद्धत त्यांचीच. 1893 पासून लंडनला परीक्षा घेऊन कोवळे साहेब थेट हिंदुस्थानात अधिकारी म्हणून पाठवायचे.

खालून वर गेलेला माणूस कसा असतो, हे बघायचं तर सर रॉबर्ट मार्क यांची कारकीर्द वाचा. 1937 मध्ये मँचेस्टरला कॉन्स्टेबल, मग महायुद्धात फौजेत, 1957 मध्ये लेस्टरचे चीफ कॉन्स्टेबल (म्हणजे तिथल्या पोलीस दलाचे प्रमुख), 1967 मध्ये लंडनला बदली आणि 1972 मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांचे, म्हणजे लंडनच्या पोलीस दलाचे, कमिशनर.

लंडनचे डिटेक्टिव्ह, म्हणजे साध्या कपड्यातले तपास अधिकारी, तेव्हा भ्रष्टाचाराने पार किडलेले होते. दरोडेखोरांमागे असणाऱ्या फ्लाइंग स्क्वॉड या पथकाचा प्रमुख केनेथ ड्रुरी लंडनच्या सोहो भागातल्या अश्लील मासिकांच्या धंदेवाल्याबरोबर सायप्रसला सुट्टीवर जाऊन आला होता! डिटेक्टिव्हांवरच्या तक्रारींचा तपासही डिटेक्टिव्हच करत. मार्क यांनी नेमका तिथेच घाव घातला. तक्रारींसाठी ए-10 नावाची वेगळी शाखा काढून तिच्यात वर्दीतले अधिकारीही बसवले, आणि डिटेक्टिव्हांना वर्दीतल्या वरिष्ठांच्या हाताखाली आणलं. त्यांच्या काळात 450 हून जास्त पोलीस नोकरीतून गेले. ड्रुरीला 1977 मध्ये 8 वर्षांची शिक्षा झाली. ज्याने स्वतः रस्त्यावर गस्त घातली आहे, त्यालाच हे जमतं, असं माझं ठाम मत आहे.

1975 मध्ये लंडनमधल्या नाइट्सब्रिजच्या स्पॅगेटी हाउस रेस्टॉरंटमध्ये बंदूकधाऱ्यांनी तिथल्या इटालियन कर्मचाऱ्यांना तळघरातल्या कोठीत डांबलं. मार्क यांनी ना निसटायला वाट दिली, ना आत माणसं घुसवली. पोलीस सहा दिवस बोलत राहिले, थांबले. सगळे ओलीस जिवंत बाहेर आले.

1977 मध्ये त्यांनी पद सोडलं, कारण तक्रारींच्या निवाड्यात पोलिसांबाहेरचं मंडळ आणणारा कायदा त्यांना मान्य नव्हता. इथे मात्र मला त्यांचं पटत नाही. आपल्याच माणसांचा तपास आपणच केला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलं होतं?

पुतण्याचं म्हणाल, तर विद्यार्थी व्हिसावर अर्ज करता येणार नाही. नागरिकत्व किंवा तिथे कायम राहायची परवानगी लागते. ती मिळाली तर पहिला टप्पा कॉन्स्टेबल, आणि त्यानंतर सार्जंटची परीक्षा.