हिवाळी चाकं आणि सेन्सरची भानगड

ऑक्टोबर लागला की माझ्याकडच्या पत्रांचा नूरच बदलतो. पुण्या-नाशकाहून इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर, रेंज, सबसिडी हे बारमाही चालूच असतं, पण युरोप-कॅनडातनं येणाऱ्या पत्रांत एकच विषय, हिवाळी चाकं, म्हणजे थंडीत-बर्फात लावायचा वेगळ्या टायरांचा सेट. या वेळी तीन पत्रं घेतलीत, त्यातल्या पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण त्या प्रकरणात मी स्वतः पैसे घालवून बसलोय.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही म्युनिकला राहतो. मागच्या महिन्यात सेकंडहँड टेस्ला मॉडेल ३ घेतली, कागदावर पहिलं रजिस्ट्रेशन मार्च २०२१ आहे. गाडीबरोबर फक्त उन्हाळी टायर आले. एका गृहस्थांकडे २०१९ च्या मॉडेल ३ ची चार हिवाळी चाकं आहेत, ओरिजिनल १८ इंची रिम, वर टायर, आत हवेचा दाब सांगणारे सेन्सर, सगळं तयार, आणि किंमत अगदी कमी. नवरा म्हणतो डोळे मिटून घे, गाडी तीच तर आहे. पण टायरच्या दुकानातला मुलगा म्हणाला सेन्सर चालतीलच असं नाही. खरंच का? आणि नाहीच चालले तर सेन्सरशिवाय हिवाळा काढला तर काय बिघडतं, हवा आम्ही गेजने बघू. माझे बाबा कोल्हापूरला व्हॉल्व्हच्या तोंडावर बसवायचे ते छोटे सेन्सर वापरतात, डॅशबोर्डवर सोलरचा डबा असतो, ते लावले तर?

उत्तर : ताई, त्या दुकानातल्या मुलाला कॉफी पाजा, त्याने तुमचे पैसे वाचवलेत.

गंमत अशी आहे की सेन्सर म्हणजे रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाला बसवलेली एक छोटी डबी, तिच्यात बॅटरी आणि रेडिओ. हवा मोजायची आणि गाडीला कळवायचं एवढंच काम. सुरुवातीच्या मॉडेल ३ मध्ये ही डबी ४३३ मेगाहर्ट्झवर बोलायची, युरोपातल्या बहुतेक गाड्यांसारखी. मग २०२०-२१ च्या सुमाराला टेस्लाने ब्लूटूथवाले सेन्सर घालायला सुरुवात केली. बाहेरून बघाल तर काही म्हणजे काही कळत नाही, तेच चाक, तोच व्हॉल्व्ह, पण ब्लूटूथवाल्या गाडीला ४३३ वाला सेन्सर ऐकूच येत नाही, उलटही तेच, आणि कुठलाही अपडेट टाकून हे सुटत नाही कारण ऐकायचा कानच वेगळा बसवलाय.

आता तुमची गाडी नेमकी त्या सांध्यावरची आहे. शिवाय कागदावर असतो तो पहिल्या रजिस्ट्रेशनचा दिवस, गाडी बनली कधी ते नाही, मधे जहाजातले आणि गोदामातले दिवस असतात. म्हणून वर्षावरून अंदाज करूच नका. टेस्लाच्या अॅपमधून सर्व्हिसला मेसेज टाका, चासी नंबरवरून कुठले सेन्सर लागतात ते सांगतात. घाई असेल तर टायरवाल्याकडे रिमोटसारखं एक यंत्र असतं, ते सध्याच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरायला सांगा, ४३३ वाला सेन्सर त्याने जागा होऊन आपला नंबर आणि हवा सांगतो.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, तर चार वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं. दुकानदाराने विचारलं गाडी कुठली, मी म्हटलं मॉडेल ३, त्याने ४३३ वाले युनिव्हर्सल सेन्सर काढले, मॉडेल ३ साठी प्रोग्राम केले, बसवले, बॅलन्सिंग केलं, मी खुशीत हायवेला लागलो. पाऊण तास चालवली तरी स्क्रीनवर आकड्यांच्या जागी रेघा आणि वर पिवळी सूचना. त्याची चूक की माझी यावर आमचं थोडं वाजलं पण शेवटी चारही टायर परत उतरवले, ब्लूटूथवाले घातले, परत बॅलन्सिंग, परत बिल. अपॉइंटमेंट मिळायला दोन आठवडे गेले ते वेगळंच, कारण जर्मनीत ऑक्टोबर-नोव्हेंबरला टायरवाल्याची वेळ मिळणं म्हणजे गणपतीत कोकणच्या गाडीचं रिझर्व्हेशन.

आता त्या २०१९ च्या चाकांचं. समजा तुमची गाडी ४३३ वालीच निघाली, तरी त्या सेन्सरांची किंमत मनात शून्य धरा. त्यातली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं जाते, ती डबीत ओतून सील केलेली असते, बदलता येत नाही, संपली की सेन्सरच टाकायचा. आणि टाकायचा म्हणजे टायर रिमवरून उतरवायचा, म्हणजे मजुरी आलीच. तेव्हा जुने सेन्सर चालतात का बघू, नाही चालले तर पुढच्या वर्षी बदलू, हा हिशोब महागात पडतो. सौदा करायचा तो रिम आणि टायर एवढ्याचाच करा.

आणि टायर बघताना फक्त नक्षीची खोली बघू नका. बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ४०१९ असेल तर २०१९ चा चाळिसावा आठवडा. डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चिन्ह पाहिजेच, नुसतं एम अधिक एस (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) लिहिलेले जुने टायर जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच हिवाळी म्हणून धरायचे. मग लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. मॉडेल ३ ला १८ इंचात २३५/४५ टायर ९८ चा लागतो, म्हणजे एका टायरला ७५० किलो. तोच आकार ९४ मध्येही मिळतो, तो ६७० किलोचा, स्वस्त असतो आणि बॅटरीच्या वजनाच्या गाडीला चालत नाही. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण हिवाळी टायरला ४ च्या खाली गेलं की बर्फात त्याचा काही भरवसा राहत नाही. तुम्ही म्युनिकचे, म्हणजे कधीतरी ऑस्ट्रियात स्कीइंगला जाणारच, तिकडे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आणि ४ मिलिमीटरपेक्षा कमी असलेला टायर ते हिवाळी धरतच नाहीत.

सेन्सरशिवाय चालवायचं म्हणाल तर गाडी चालते, पण युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून रजिस्टर झालेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा असणं बंधनकारक आहे, आणि ती फक्त उन्हाळ्यापुरती नाही. दर दोन वर्षांच्या तपासणीला गाडी हिवाळी चाकांवर नेलीत आणि स्क्रीनवर दिवा पेटलेला असला तर दोष लिहून मिळतो. कायदा बाजूला ठेवला तरी गेजने हवा बघणं म्हणजे पार्किंगमध्ये बघणं, ऑटोबानवर १३० ने जाताना खिळा घुसला तर गेज डिकीत असतं. आपली गाडी जड, आणि टायर हळूहळू बसायला लागलेला चालवताना फार उशिरा कळतो, शिवाय या गाडीत स्टेपनीही नाही.

बाबांचे टोपीवाले सेन्सर वाईट नाहीत हो. ज्या गाडीत मुळात काहीच नाही तिच्यासाठी ते उत्तमच, कोल्हापुरात मी पण तेच सुचवेन. पण ते आपल्या डब्याशी बोलतात, गाडीशी नाही, त्यामुळे गाडीचा दिवा पेटलेलाच राहणार. आणि तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ती टोपी दोन महिन्यांत व्हॉल्व्हला अशी धरून बसते की काढायला पक्कड लागते.

मग घ्यायचं काय? ब्लूटूथवाली गाडी असेल तर टेस्लाचेच किंवा दुसऱ्या कंपनीचे, पण डब्यावर टेस्लाच्या ब्लूटूथसाठी असं स्पष्ट लिहिलेलेच. नुसतं ब्लूटूथ लिहिलेले, मोबाइलच्या अॅपवर हवा दाखवणारे पण मिळतात, ते निराळे, त्यांचा इथे उपयोग नाही. ४३३ वाली असेल तर श्रेडर, हुफ, व्हीडीओ असे बरेच चांगले पर्याय आहेत. ऑनलाइन स्वस्तात मागवून टायरवाल्याच्या हातात द्यायचा मोह होतो, मला पण झाला होता, पण मग चाललं नाही तर तो म्हणतो सेन्सर तुमचा आणि विकणारा म्हणतो बसवणारा चुकला. जो बसवणार त्याच्याकडूनच घ्या, थोडे जास्त द्या, आणि बिलावर गाडीचा चासी नंबर लिहून घ्या.

एक बारीक गोष्ट. धातूच्या व्हॉल्व्हचे सेन्सर असतील तर आतला पिन निकेलचा मुलामा दिलेलाच पाहिजे, साधा पितळी पिन अॅल्युमिनियममध्ये मिठाच्या पाण्याने गंजून अडकतो, आणि वरची टोपी प्लास्टिकचीच ठेवा, त्या चकचकीत धातूच्या टोप्या दिसायला छान पण एकदा चिकटल्या की टोपीबरोबर व्हॉल्व्हही हातात येतो. टायर दरवेळी रिमवरून उतरवला की व्हॉल्व्हचं रबर, नट, पिन यांचा छोटा किट बदलतात, बिलात तो दिसला तर भांडू नका, ते बरोबर आहे.

चाकं लागल्यावर स्क्रीनवर सर्व्हिसमध्ये जाऊन चाकाचा आकार निवडा, आणि मग ताशी २५ किलोमीटरच्या वर दहा-पंधरा मिनिटं चालवा. टेस्ला नवे सेन्सर आपले आपण ओळखते, वेगळं कोणाला पैसे द्यायला नको. उभ्या गाडीत आकडे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, बॅटरी वाचवायला सेन्सर झोपलेले असतात.

प्रश्न : ऑस्लोहून लिहितोय. गॅरेजवाल्याने चाकं बदलताना २.९ बार हवा भरली, मी स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उणे १० होतं, गाडी २.५ दाखवते. सेन्सर खराब की गळती? आणि माझ्या मित्राच्या इलेक्ट्रिक गाडीत हवेचे आकडेच दिसत नाहीत, त्याने हिवाळी चाकांना सेन्सर घेतलेच नाहीत, तरी दिवा पेटत नाही, हे कसं?

उत्तर : दोन्ही नाही, तुमचा सेन्सर अगदी खरं बोलतोय. गेज दाखवतं ती हवा बाहेरच्या हवेच्या वरची असते, म्हणजे २.९ दाखवलं तेव्हा टायरच्या आत खरे ३.९ बार होते. गॅरेज २० डिग्रीचं धरलं, बाहेर उणे १०, म्हणजे ३० डिग्रीचा फरक. केल्विनमध्ये २९३ वरून २६३, त्या प्रमाणात ३.९ चे होतात ३.५, त्यातला १ वजा केला की २.५. बरोब्बर तुमचा आकडा. ढोबळ हिशोब म्हणून १० डिग्रीला साधारण ०.१ बार सांगतात, पण इलेक्ट्रिक गाडीत मुळात हवा जास्त असते त्यामुळे फरक जरा जास्तच पडतो. तेव्हा हवा भरायची ती बाहेर उभ्या, गार टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. आणि तास-दीड तास चालवून आल्यावर ३.१ दिसतंय म्हणून हवा सोडायला जाऊ नका, ही चूक मी नातेवाइकांत इतक्यांदा बघितलीये की आता हसूही येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लोक फोन करतात की दिवा लागला.

मित्राची गाडी वेगळ्या पद्धतीची आहे. तिच्या चाकात हवेचा सेन्सर नसतोच, हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जरा जोरात फिरतं, ब्रेकच्या एबीएसला चाकाचा वेग सांगणारा जो सेन्सर असतो त्यावरून गाडी ते ओळखते. खर्च शून्य. फक्त चाकं बदलल्यावर किंवा हवा भरल्यावर मेनूमध्ये जाऊन हा दाब आता बरोबर आहे असं गाडीला सांगावं लागतं, ते विसरलं तर ती चुकीच्या हवेलाच बरोबर समजत बसते. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर तिला लवकर कळतही नाही, त्यामुळे मित्राने महिन्यातून एकदा गेज लावावं. ज्यांच्या गाडीत आकडे दिसत नाहीत आणि असा मेनू आहे त्यांनी सेन्सर विकत घेण्याआधी मॅन्युअल उघडा, कारण विकणारा काही नको म्हणणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा माँट्रियलला असतो, इलेक्ट्रिक गाडी आहे. तिकडे चाकाचे सेन्सर फार महाग पडतात म्हणतो. पुण्यात तसेच दिसणारे निम्म्या किमतीत मिळतात. दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवू का?

उत्तर : काकू, फराळ पाठवा, सेन्सर नको. दिसायला तसेच असतात हे खरंय, पण आपल्याकडचे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि तिकडच्या बऱ्याच गाड्या ३१५ वर, काही ४३३ वर पण आहेत, आणि फ्रिक्वेन्सी जुळली तरी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. इथून गेलेला सेन्सर तिकडे टायरमध्ये बसल्यावर चालला नाही तर परत पुण्याला कोण पाठवणार! तुमच्या समाधानासाठी सांगतो, कॅनडात ही यंत्रणा कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे तिकडे कित्येक लोक हिवाळी चाकांना सेन्सर न लावता दिवा पेटलेला ठेवूनच मार्चपर्यंत काढतात. मला ते आवडत नाही, पण त्याने एखादा हिवाळा तसा काढला तर दंड नाही. दंड आहे तो टायरचा, क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लागतातच, तेव्हा फोनवर सेन्सरचं विचारण्याआधी त्याने टायर बदलायची तारीख घेतलीये का ते विचारा.