घासकामात मन लागत नाही?

लाकडाची फळी 80 नंबरच्या जाड, खरखरीत पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासली की जीव उबगतो, म्हणतोस. साहजिक आहे, सगळं लक्ष ‘कधी संपणार’ याकडेच लागलेलं असतं. अख्खी फळी नजरेसमोर ठेवूच नकोस. वीतभर जागा घे, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हात चालव आणि कान उघडे ठेव. आधी खरखर मोठी येते; उंचवटे गेले की आवाज बारीक, एकसारखा होतो. तो बदल ऐकू यायला लागला ना, की वेळेचं भान राहत नाही. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

मग 120, 180, 220 नंबरचे पेपर, एकाहून एक बारीक. मधला नंबर गाळू नकोस; 80चे ओरखडे 220ने सहजी जात नाहीत आणि पॉलिश चढवल्यावर उठून दिसतात. दिवा बाजूने तिरपा धरलास की सगळं कळतं.

जोर लावू नकोस. खांदा भरून आला की थांब, धूळ पूस, डोळे मिटून तळहात फिरव. मघाशी बोचणारी जागा हाताखालून अलगद सरकते तेव्हा जे वाटतं, ते इतक्या वर्षांनीही मला शब्दांत सांगता येत नाही. आणि हो, मास्क लाव. लाकडाची बारीक धूळ छातीला वाईट.